सेतागायाची सावड

सिंधूला कधी कुणाचा राग यायचा नाही, आणि मला नेमका त्याचाच राग यायचा. माणसानं चिडावं, भांडावं, निदान तोंड तरी वाकडं करावं. ही बया नुसती हसायची. आमच्या दोघींची रानं एकाच बांधाला लागून. लोणीत आम्ही सुना म्हणून एकाच वर्षी आलो, ती आण्याच्या पठारावरून आणि मी मंचरकडून. मी दहावी झालेली, पुढं अंगणवाडीत सेविका झाले. ती चौथी. त्यामुळं दोघींत शहाणी कोण, हे पहिल्याच वर्षी ठरून गेलं होतं. निदान मी तरी ठरवलं होतं.

तिच्या माहेरी पाण्याचे हाल, म्हणून सांडलेलं पाणी तिला बघवायचं नाही. तांब्यात घोटभर उरलं तरी ते उंबऱ्याबाहेर फेकणार नाही, उठून जाऊन तुळशीला नाहीतर कढीपत्त्याला घालणार. पाहुणी म्हणून गेली तरी हेच. दुसरी खोड खुरप्याची. पिशवीत खुरपं असल्याशिवाय ही घराबाहेर पडायची नाही. एकदा कळंबला लग्नाला गेलो, तर ही दिसेचना. शोधत मांडवाच्या मागं गेले, तर लग्नाची साडी वर खोचून कुणाच्या तरी मिरचीच्या वाफ्यात बसलेली. मी म्हटलं, "सिंधे, ऊठ! लोकं काय म्हणतील?"

"अक्षता पडंस्तोवर नुसतं बसून काय करू?" म्हणाली, आणि हसली.

ते खुरपं मी दिलेलं. लोहाराकडं उभं राहून पातं तिच्या हाताजोगं वळवून घेतलं होतं, मूठ बाभळीची. तिचा नवरा गेला त्या वर्षी ती रानातच जाईना, तेव्हा मी ते तिच्या हातात ठेवलं आणि ओढत बांधावर आणली. हे एवढ्यासाठी सांगते, की पुढं त्या खुरप्याचं काय झालं ते कळल्यावर तुम्ही मला फार दोष देऊ नये.

आमची सावड तीस वर्षांची. सावड म्हणजे मजुरी नव्हे. आज तू माझ्या रानात, उद्या मी तुझ्या. खुरपणी असो, लागण असो, काढणी असो. प्रत्येकीनं आपापली पात धरायची, म्हणजे रानाचा आपल्या समोरचा पट्टा, आणि शेजारी शेजारी बसून सरकत जायचं. हात चालतात, तोंडं त्याहून जास्त चालतात. माझ्या सासूच्या जितक्या चुगल्या मी सिंधूच्या कानात ओतल्या तितक्या देवापुढंही बोलले नसेन. सिंधूचा एक नियम होता. ती सावड कधी पुरती फेडायची नाही. एक दिवस ठेवायचाच. मी म्हणायचे, "ये गं उद्या, म्हणजे फिटलं एकदाचं." तर म्हणायची, "ऱ्हाऊ दे एक दिस. समदं फिटलं की माणूस माणसाच्या बांधावं कशाला यील?"

तीस वर्षांत तिचा एक दिवस माझ्याकडं, नाहीतर माझा तिच्याकडं, कायम उरलेला होता.

तर तिची लेक प्राजक्ता अवसरीच्या कॉलेजात इंजिनीअर झाली. माझा महेश तिच्याच वर्गात. पुढं प्राजक्ता जपानला गेली आणि महेश चाकणला. चाकण काही वाईट नाही, पण चाकणला गेला म्हणून कुणी पेढे वाटत नाही. मी सिंधूचा पेढा खाल्ला, "गोड आहे" म्हटलं, आणि घरी येऊन विनाकारण भांडी आदळली.

मग प्राजक्ताला दिवस गेले आणि सिंधूला तिकडं बोलावणं आलं, तीन महिन्यांसाठी. आता जगाची माहिती गावात कुणाला? मला. मी अंगणवाडीच्या भिंतीवरचा नकाशा काढून तिच्यापुढं पसरला. म्हटलं, "हे टोकियो. त्यातल्या सेतागाया नावाच्या भागात तुझी लेक राहते. शहराचा नुसता एक भाग, पण आपलं आंबेगाव आणि जुन्नर दोन्ही तालुके एक केले तरी एवढी माणसं भरायची नाहीत. घराला घर चिकटलेलं. मातीचा कण दिसायचा नाही."

"मातीच न्हाई?" तिचा चेहरा उतरला.

"नाही. खुरपं ठेव घरी."

ती गणपतीच्या आधी गेली आणि दिवाळी उलटल्यावर आली. मोठ्या बॅगेत साड्यांच्या घडीत गुंडाळून खुरपं नेलंच होतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सातआठ जणी माझ्या रानात कांद्याची रोपं खुरपत होतो. ही बांधावरूनच ओरडली, "सुमन, मातीच न्हाई म्हणालीस! हाय की गं! शेत हाय तिथं, मुळ्याचं!"

सगळ्या जणी हसल्या. मी रोपाशी मान घातली ती वर केली नाही.

मग तिनं सांगितलं ते सगळं असं. तिकडं कचऱ्याचे वार ठरलेले. आज ओला, उद्या बाटल्या, परवा कागद. कावळे फाडतात म्हणून पिशव्यांवर जाळी टाकायची. तिसऱ्या आठवड्यात प्राजक्ता बाळाला घेऊन झोपली होती, म्हणून ही कचऱ्याची पिशवी घेऊन एकटीच बाहेर पडली आणि वाट चुकली. सगळी घरं सारखी, दारात सारख्याच कुंड्या, आणि गल्ल्यांना नावंच नाहीत.

"पर मला एक कळलं," सिंधू म्हणाली, "रस्ता सरळ न्हवता. आपल्या बांधाच्या कडंची वाट कशी वळती, तसा वळत व्हता. म्हटलं, हिथं कवातरी रान व्हतं. वाटंवं घरं बांधल्यात नुसती. मग मी बांध धरून चालल्यावानी चालत गेले, तर म्होरं खरंच शेत! चार घरांच्या मधी. आन् एक म्हातारी वाकून तण काढतीया."

"मग तू काय केलंस?" कुणीतरी विचारलं.

"काय करायचं? पदर खोचला आन् तिच्या शेजारची पात धरली."

हे फक्त सिंधूच करू जाणे. भाषा येत नाही, घर सापडत नाही, घरी ओली बाळंतीण, आणि ही परक्या देशात परक्या बाईच्या रानात खाली बसली. म्हातारीनं तिच्याकडं बघितलं, तिच्या हाताकडं बघितलं, आणि पुढं काढायला लागली. दोन तासांनी प्राजक्ता रडत रडत शोधत आली तेव्हा ही कोपरापर्यंत मातीनं भरलेली, आणि कचऱ्याची पिशवी शेताच्या कडेला तशीच. जाळी सापडली नव्हती तिला.

दुसऱ्या दिवशी म्हातारी पाला असलेले दोन मुळे घेऊन प्राजक्ताच्या दारात उभी. आत आली, हात धुतले, आणि दुपारभर बाळाला मांडीवर घेऊन बसली. माय-लेकी झोपल्या. सिंधूला काय वाटावं? "सावड फेडाया आली गं. त्यांच्यात सावड असती, फकस्त त्याला काय म्हंत्यात ते ठावं न्हाई."

म्हातारीचं नाव हारुको. तिकडं नावापुढं सान लावतात म्हणे. सिंधूनं बाई लावलं. हारुबाई! मला 'सुमनबाई' कधी कुणी म्हणालं नाही.

तिथून पुढं आमच्या रानात हारुबाई शिरली ती निघेचना. हारुबाई वाकून काम करती, बसत न्हाई. हारुबाईच्या शेताच्या कडंला फळकुटाचं कपाट हाय, त्यात ती मुळं मांडून ठिवती, लोकं घेत्यात आन् डब्यात पैसं टाकत्यात, राखायला कुणी नसतं. संध्याकाळी पाचला भोंग्यावर गाणं लागतं, ते पोरांनी घरी जायचं; हारुबाई तेवढ्यात पाठ सरळ करती. एकदा म्हणाली, "हारुबाई गवत मुळासकट काढती, आपल्यावानी वरवर खुडत न्हाई."

"वरवर कोण खुडतं?" मी म्हटलं.

"आपण समद्याच."

"मी नाही खुडत. तुझ्या हारुबाईला म्हणावं, लोणीत येऊन हरळी काढून दाखव."

सिंधू हसली. "यील की. सांगते."

जपानचा हेवा मी गिळला असता. विमान, आगगाडी, स्वच्छ रस्ते, ते काय टीव्हीवर मीही बघते. पण सिंधूच्या शेजारची माझी पात दुसऱ्या बाईला मिळाली, हे घशाखाली उतरेना. मी तीस वर्षं हिच्या डावीकडं बसले. तिच्या नवऱ्याच्या दहाव्याला मी होते. आणि तिकडं जेमतेम अकरा दिवस शेजारी वाकलेली कोण कुठली म्हातारी हिच्या तोंडातून जाईना.

एका दुपारी हिनं पिशवीतून काढलं ते वेगळंच हत्यार. लहानसं, आडव्या पात्याचं, लाकडी दांड्याचं. मी विचारलं, "तुझं खुरपं कुठाय?"

"हारुबाईला दिलं. तिनं मला ह्ये दिलं."

"माझं खुरपं दिलंस?"

"तिला लई आवडलं गं. मूठ सोडंचना."

मी उठले, डोकं दुखतंय म्हटलं आणि घरी गेले. डोकं दुखत नव्हतं. दुखत कुठं होतं ते तुम्हाला सांगायला नको.

एकदा तिनं फोनवर मला हारुबाई दाखवली. मी साडी बदलून, वेणी घालून गेले. समोर पांढऱ्या टोपड्यातली, सुरकुतलेली, इवलीशी म्हातारी. मागं भिंतीला भिंत लागून घरं, आणि त्यांच्यामध्ये तिचं ते शेत, मला वाटलं होतं त्याहून लहान. म्हातारीनं कमरेत वाकून मला नमस्कार केला. मीही केला, जरा ताठच. मग तिनं माझं खुरपं वर धरून दाखवलं आणि काहीतरी बोलली. सिंधूला तिची भाषा कळत नाही, तिला सिंधूची नाही, पण दोघी हसल्या, आणि सिंधू अगदी तशी हसली जशी माझ्या सासूच्या गोष्टींना हसायची. ते मला सहन झालं नाही.

तेव्हाच प्राजक्तानं फोनवर सांगितलं की हारुबाईचं हे शेवटचं पीक. तिच्या मुलांनी शेत विकलं, आता तिथं घरं होणार. तो मुळा हारुबाईच्या सासूच्या सासूपासूनचा, दरवर्षी बी धरून ठेवलेला. त्यातलं मूठभर बी तिनं सिंधूला दिलं होतं. प्राजक्तानं बी देशाबाहेर धाडायचे सगळे कागद करून ते मागनं पाठवलेलं. सिंधूनं विहिरीजवळ एक वाफा लावला. मुळा आला, आखूड आणि जाडजूड, वरपासून खालपर्यंत एकसारखा. गावभर एकेक वाटला. बियाण्यासाठी अकरा झाडं जमिनीतच राखली. त्यांना फुलं आली, मग हिरव्यागार शेंगा धरल्या. रोज सकाळी ही त्यांच्यापाशी उकिडवी बसून शेंगा चाचपायची. "वाळल्या की हारुबाईला फोटू पाठविते. तिचं रान गेलं तरी मुळ्याचं बी हाय म्हणावं."

मुळ्याच्या कोवळ्या शेंगा म्हणजे डिंगऱ्या. डिंगरीची भाजी आमच्याकडं कुणाला आवडत नाही? हिरवी मिरची, लसूण, दाण्याचं कूट. बांधावर डिंगऱ्या दिसल्या आणि खुडल्या नाहीत, अशी बाई आमच्या गावात जन्मली नाही. हे मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तिचं परत लेकीकडं जायचं ठरलं होतं, त्या व्हिसाच्या कामाला ती दोन दिवस मुंबईला गेली होती. आधीच्या तीन महिन्यांसारखं आता नव्हतं. तिकडच्या नियमात बसतं तेवढं, नातू सात वर्षांचा होईपर्यंत राहायला चालली होती. रान दिराकडं वाट्यानं देऊन झालं होतं. मी तिच्या विहिरीवर गेले, अकराही झाडांच्या डिंगऱ्या खुडल्या आणि पदरात घेऊन आले. एकही ठेवली नाही. हात भराभर चालत होते. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुंबईहून आली ती सरळ आमच्या दारात. दमलेली, भुकेली. आमचे हे जेवायला बसले होते. म्हणाले, "सिंधूवहिनी, या, बसा." मी काही म्हणेपर्यंत यांनीच ताट वाढलं. ताटात डिंगरीची भाजी.

तिनं पहिला घास घेतला. चावायची थांबली. मग चावला.

"डिंगऱ्या कुठनं आणल्या गं?"

"बाजारातून," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. अख्खी भाजी खाल्ली. भाकरीच्या शेवटच्या तुकड्यानं ताट पुसून घेतलं, हात धुतले, तांब्यातलं उरलेलं पाणी कढीपत्त्याला घातलं आणि म्हणाली, "बरी झालीया." मग तिच्या रानाकडं गेली. मी दारातून बघत राहिले. विहिरीजवळ ती किती तरी वेळ उभी होती.

मला वाटलं, आता येईल आणि भांडेल. मी तयारी करून बसले होते. खुरप्याचं काढायचं, हारुबाईचं काढायचं, सगळं बोलायचं. ती आलीच नाही. दुसऱ्या दिवशी बांधावर भेटली तर "चहा झाला का?" म्हणाली. हारुबाईचं नाव मात्र तिच्या तोंडून बंद झालं. इतके महिने मला जे ऐकायचं नव्हतं ते आता ऐकू येईना, आणि मला अन्न गोड लागेना.

मुळ्याला शेंड्याकडं नव्यानं फुलं येत राहतात. आठवड्यानं बघितलं तर चार झाडांच्या टोकांना बारक्या शेंगा धरलेल्या. सिंधूनं तिकडं जायचं सोडलं होतं. मी जायला लागले. सकाळी घागर घेऊन, कुणी बघत नाही असं बघून. नऊ शेंगा. मी त्या मोजत नव्हते, पाठ झाल्या होत्या. चैत्राच्या तोंडाला त्या पिवळ्या पडल्या, वाळल्या. मी खुडून पदराच्या गाठीत बांधल्या, आणि द्यायला काही जमेना. काय म्हणून देऊ?

तिची जायची तारीख आली. दहाला गाडी येणार होती. त्या सकाळी मी माझ्या रानात कांदा काढायला बसले, घरात थांबवेना म्हणून. ऊन कोवळं होतं. बघते तर बांधावर सिंधू, रोजच्या जुन्या साडीत.

"कुठली पात धरू?"

"अगं, आज? दहाला गाडी ना?"

"म्हणून तर आले. तुझा एक दिस ऱ्हायलाय माझ्याकडं."

तीस वर्षांत तिनं तो दिवस फेडला नव्हता. ही आज सगळं मिटवून जायला आली होती. मला कळलं, का ते. मी तिला सगळ्यांत लांब पात दाखवली. ती बसली, भराभर कांदे उपटायला लागली. मी मुद्दाम सावकाश काढत होते. पात अर्ध्यावर आली, पाऊणावर आली.

"सिंधू," मी म्हटलं, "त्या डिंगऱ्या बाजारातल्या नव्हत्या."

तिचे हात चालूच. "ठावं हाय. हितल्या डिंगरीपरास जाड व्हत्या. पयल्याच घासाला कळलं."

"मग खाल्ल्यास कशाला?"

"तू रांधलं व्हतंस."

मी विचारलं, "राग नाही आला?"

"आला की!" तिनं हातातला कांदा ढिगावर आपटला. "लई आला. तुझं तोंड बघू नये असं वाटत व्हतं. आठ-धा दिस आला. मग तू चोरून पाणी घालाया लागलीस. तुझी घागर गळती, सुमन. वाटंवं रोज वल्ल दिसायचं."

तिला राग आलेला मी पहिल्यांदा बघितला. आणि सांगू का, इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मला रडूच फुटलं. मी गाठ सोडली आणि शेंगा पुढं केल्या. तिनं एक फोडली, तांबूस दाणे तळहातावर घेऊन बघितले, पुन्हा सगळं एकत्र केलं आणि माझ्याच पदराला घट्ट गाठ मारली.

"मी नेऊन कुठं लावू? तिथं घरं उभी ऱ्हायली. थंडी पडली की तू लाव. हारुबाई इचारंल, बी हाय का. मी सांगन, हाय, लोणीला, माझ्या सुमनकडं."

मला बरं वाटलं ते कशानं, खरं सांगते: सेतागायात त्या म्हातारीला आता माझं नाव कळणार होतं. एवढ्या रडण्यातही ते मनात आलंच.

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. सिंधूच्या पातीत शेवटी हातभर कांदे राहिले होते. दोन मिनिटांचं काम. ती त्यांच्याकडं बघत होती आणि मी तिच्याकडं. मी तोंडातून ब्र काढला नाही. काढ म्हटलं असतं तर तिनं काढले असते.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. हाताची माती झटकली. माझ्या तांब्यातलं पाणी प्यायली.

"ऱ्हाऊ दे एवढी," म्हणाली. "आल्यावं काढीन."

काढणीला आलेल्या कांद्याला कुणी पाणी घालत नाही. तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी त्या हातभर पातीवर ओतलं, तांब्या बांधावर पालथा ठेवला आणि बांध धरून चालू लागली. वळणावर एकदा वाकली. कुणाच्या तरी वाटेत आलेलं गवत होतं, ते उपटून हातात घेतलं, मुळासकट, आणि दिसेनाशी झाली.